चिमणीवरून नऊ डोंगर

प्रिय मने,

तुझा मेसेज येऊन आज सतरा दिवस झाले. एकच ओळ होती. ‘मामा, आई कंपनीसाठी जे लिहायची, ते तिला पटत होतं का?’ एवढ्याशा प्रश्नाला सतरा दिवस कशाला लागतात, असं तुला वाटलं असेल. मला लागले. फोनवर ‘हो’, ‘बरं’ आणि ‘तू बघ’ यापलीकडे माझी गाडी जात नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तू मला तू-बघ मामा म्हणायचीस आणि तुझी आई पोट धरून हसायची. आज लिहायला बसलो आहे ते सगळं लिहूनच उठेन म्हणतो. पाकिटात पत्राबरोबर आणखी दोन कागद आहेत. एक कंपनीचा फॉर्म आहे, दुसरं ताईच्या वहीतलं पान. पत्र संपल्यावरच ते उघड.

फॉर्म कशाचा ते आधीच सांगतो. कारखान्याच्या फाटकापाशी छोटी बाग करताहेत. साथीत गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी. तिथे एक मोठा दगड बसवणार आहेत, त्यावर ताईचं एक वाक्य कोरणार आणि खाली तिचं नाव. घरच्यांची परवानगी हवी म्हणून तुझी सही पाहिजे. वाक्य कुठलं, हे तुला सांगायला नको. ज्यावरून तुम्हा मायलेकींचं बोलणं तुटक झालं, तेच.

त्या वाक्याची सुरुवात माझ्यापासून झाली, हे तुला ठाऊक नाही. ताईने कधी कुणाला सांगितलं नाही, आणि मी तर सांगणाऱ्यांतला नव्हेच.

तुझे आजोबा वजनमापं तपासायचे. दुकानादुकानांत जाऊन तराजू बघणं हे त्यांचं काम. सुट्टीत ताई आणि मी त्यांच्याबरोबर जायचो. दुकानदार मोठ्या हौसेने आधी वजनं पुढे करायचा, शिक्के बघा म्हणायचा. बाबा वजनांकडे बघायचेही नाहीत. दोन्ही पारडी फडक्याने पुसायचे, तराजू रिकामा उचलायचे आणि काटा थांबेपर्यंत उभे राहायचे. म्हणायचे, ‘वजनं सगळ्यांचीच खरी असतात रे. लबाडी दांडीत असते.’ त्यातलं रिकामा तराजू बघणं मी उचललं आणि यंत्रं तपासणारा झालो. ताईने शब्द उचलले. तिला बोलायचं कसं ते कळायचं, आणि सिमेंटच्या कंपनीला अशा माणसाची गरज होती. एकाच फाटकातून आम्ही सव्वीस वर्षं आत गेलो. ती डावीकडे ऑफिसात, मी उजवीकडे भट्टीकडे.

साथ आली आणि सगळं बंद झालं तो वसंत तुला आठवत असेल. तू शिकवतेस त्या गावी अडकलीस, ताई घरून काम करायला लागली. कपड्यांना इस्त्री करायचं ते उंच टेबल तिने खिडकीशी ओढलं आणि त्यावर कॉम्प्युटर ठेवला. उभं राहून लिहिलं की पाठ दुखत नाही म्हणायची. आमची भट्टी थंड झाली. मी तिथे लागल्यापासून ती दुरुस्तीला म्हणून आठवडाभर थांबायची, पण अशी महिनाभर कधी नाही. पहाऱ्याला चार माणसं आणि यंत्रांसाठी मी, एवढेच आत जात होतो.

वसाहतीच्या शाळेच्या गच्चीवर हवेतली धूळ मोजायचं यंत्र आहे. त्याचा आकडा रोज लिहायचा असतो. दोनशेच्या खाली तो फारसा जात नाही. त्या दिवसांत एका सकाळी तो अठरा दिसला. मी पंप उघडून साफ केला. दुसऱ्या दिवशी सोळा. गाळणीचा कागद बदलला. तिसऱ्या दिवशी गोदामातून राखीव यंत्र काढलं, शेजारी लावलं, तेही सतरा दाखवायला लागलं. मग मी रजिस्टरात सरळ लिहून टाकलं की दोन्ही यंत्रं बिघडली आहेत, दुरुस्तीला पाठवावीत. खाली सही केली. फाटकावरच्या पहारेकऱ्याला हे सांगितलं तर तो मास्क सारखा करत म्हणाला, ‘मामा, यंत्रं ठणठणीत आहेत. हवाच बरी झालीय.’ मने, इतकी वर्षं मी हवा मोजतोय. हवा चांगली असू शकते ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. ते रजिस्टर अजून आहे. माझी सही असलेलं ते पान बघितलं की मला अजून लाज वाटते.

खात्री करायला म्हणून त्या दिवशी चिमणीवर चढलो. वरच्या गॅलरीत धुराचं यंत्र आहे, ते तपासायला महिन्यातून एकदा जावंच लागतं. एरवी चिमणी अंगाला हात लावू देत नाही, आणि वर पोचलं की पायाखालची जाळी थरथरत असते. त्या दिवशी काँक्रीट गार होतं. आवाज म्हणून नव्हता. माझ्या पट्ट्याचा हूक कठड्यावर आपटला तो केवढ्याने वाजला. मी यंत्राकडे तोंड करून काम सुरू केलं आणि सवयीने एकदा मागे बघितलं.

कसं लिहू ते कळत नाही. शहराच्या पलीकडे कायम एक पिवळट राखाडी पट्टा असायचा. तिथेच आभाळ संपतं असं मी समजत होतो. तो पट्टा नव्हता. त्याच्या जागी डोंगर होते. निळे, एकामागे एक, इतके स्पष्ट की शेवटच्या डोंगराच्या खांद्यावरची भेगसुद्धा दिसत होती. मी मोजले. सात. मग डोळे सरावले तसे आणखी दोन दिसले, नऊ. सव्वीस वर्षं ते तिथेच उभे होते आणि मी महिन्याच्या महिन्याला त्यांच्याकडे पाठ करून पाना फिरवत होतो. मी हेल्मेट काढलं. का काढलं ते सांगता येणार नाही. मोठ्या माणसासमोर टोपी काढतो तसं झालं. तिथेच जाळीवर बसलो, आणि मग मी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. आपणहून फोन लावला.

ताईने उचलला तो घाबरूनच. आपल्याकडे त्या दिवसांत अवेळी फोन म्हणजे वाईटच बातमी. मी म्हणालो, डोंगर आहेत. ती म्हणाली, कुठले, तू कुठे आहेस, पडलास का? मग मी सांगत गेलो. किती वेळ बोललो ते आठवत नाही. शेवटी तिने फक्त विचारलं, ‘नऊ ना?’ मी म्हटलं, नऊ. तिने नाक ओढल्याचा आवाज आला. पुढे तिने यंत्रांतलं कळणाऱ्या माणसाला विचारावं तसं विचारलं की धूर गेला म्हणजे हवामान बदलतंय ते पण थांबलं का. मी तिला समजावलं. तू भूगोल शिकवतेस, तुला हे पाठ असेल. धूळ चार दिवसांत खाली बसते. पण चुनखडी भाजताना आणि कोळसा जाळताना जो वायू जातो त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो बसत नाही. बाबा शाळेत होते तेव्हा इथल्या जुन्या चिमणीतून गेलेल्या वायूतला बराचसा आजही आपल्या डोक्यावर आहे. माझं गच्चीवरचं यंत्र तो मोजतच नाही. ताई म्हणाली, ‘म्हणजे आम्ही फोटो छापतोय धूळ गेल्याचा, आणि खाली लिहितोय हवामानाबद्दल.’

कारण त्याच महिन्यात तिच्यावर लिहिण्याचं काम कोसळलं होतं. तोवर कंपनी वर्षातून एकदा पर्यावरणदिनाला झाड लावायची आणि गप्प बसायची. साथीत मात्र रोज काहीतरी सांगायचं होतं. निसर्ग श्वास घेतोय. या संकटाने आपल्याला एकजूट शिकवली, तीच हवामानासाठी वापरू. आरोग्य आधी. तीस वर्षांनी आमचा धूर शून्यावर. ताई फोनवर मला ही वाक्यं वाचून दाखवायची आणि प्रत्येकापाशी थांबायची. आकडा असला की ‘खरं का?’ विचारायची. मी खरं म्हटलं की पुढे. तीस वर्षांच्या वचनावर ती म्हणाली होती, ‘तोवर सगळे साहेब निवृत्त, वचन मात्र जसंच्या तसं.’ आम्ही दोघं हसलो होतो. ती हे सगळं फार चांगलं करायची, मने. मी थक्क व्हायचो. भट्टीतून दगड जाऊन पीठ बाहेर येतं ना, तसं तिच्या इस्त्रीच्या टेबलावर थंडगार हुकूम यायचे आणि उबदार वाक्यं होऊन बाहेर पडायची.

माझ्या डोंगरांचं तिने एक वाक्य केलं. केलं म्हणजे दोन ओळी केल्या. ‘सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या माणसाला चिमणीवरून डोंगर दिसले, आणि त्याने हेल्मेट काढलं. दिसले, कारण भट्टी बंद होती.’ साहेबांना डोंगर फार आवडले. हेल्मेट सुरक्षा विभागाने काढायला लावलं, कारण उंचीवर हेल्मेट काढणं नियमात बसत नाही. त्यावर आम्ही पुन्हा हसलो. दुसऱ्या ओळीवर मात्र साहेब अडले. ती नको म्हणाले. त्या जागी ‘आम्ही वचन देतो, ते दिसत राहतील’ अशी ओळ त्यांनी स्वतः सुचवली.

ताईने मला दुपारी फोन केला. मी जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. ती म्हणाली, ‘अनुभव तुझा आहे. दुसरी ओळ ठेवायची का सांग. तू ठाम असलास तर मी ठाम राहते.’

त्याच सकाळी फाटकावर यादी लागली होती. कंत्राटी माणसांतली एकोणचाळीस नावं, उद्यापासून येऊ नका म्हणून. माझं नाव त्यात नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. पण मी ती यादी वाचून आलो होतो आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मी म्हणालो, ‘तू बघ.’

ती ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात ती जाहिरात सगळीकडे लागली. निळे डोंगर, पुढे आमची चिमणी, स्वच्छ, जणू देवळाचा खांब. ‘सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या माणसाला चिमणीवरून डोंगर दिसले. आम्ही वचन देतो, ते दिसत राहतील.’ रस्त्यात थांबून मी तो फलक बघितला. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर आधी अभिमान वाटला. एवढा मोठा फलक, आणि आत मी. शब्द कुठून कुठे नेऊन ठेवतात याचंच नवल वाटत राहिलं. वाईट नंतर वाटलं, जेव्हा फोनवर फिरणाऱ्या त्याच्या फोटोखाली तू लिहिलंस की हे वाक्य माझ्या आईने लिहिलं आहे, उद्या मी मुलांना कुठल्या तोंडाने हवा शिकवू.

मी ताईला फोन करायला हवा होता. केला नाही. तिनेही मला तू-बघबद्दल कधी बोल लावला नाही. तुझ्याबद्दलही तिच्या तोंडून वाकडा शब्द ऐकला नाही. एवढंच म्हणायची की मनीचा फोन हल्ली छोटा असतो.

भट्टी पुन्हा पेटली आणि डोंगर अकरा दिवसांत गेले. मी रोज गच्चीवरून बघत होतो. आधी मागचे दोन गेले, मग भेगवाला, मग एकेक. शेवटी पट्टा आला.

पुढच्या वर्षी ताईला त्या आजाराने धरलं. तुला येता येत नव्हतं, मलाही आत सोडत नव्हते. तिसऱ्या दिवशी एका नर्सने स्वतःच्या फोनवरून मला तिचा चेहरा दाखवला. तिच्या उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर होता, आणि त्यावर आमच्या कंपनीचा स्टिकर. ‘आपल्या श्वासासाठी, आम्ही.’ ते शब्द ताईनेच दिले होते, दान जाहीर झालं तेव्हा. मने, मी याची चेष्टा करत नाही. त्या सिलिंडरने तिला आणखी दोन दिवस दिले, आणि मी त्यासाठी त्यांच्यासमोर हात जोडेन. तीच कंपनी, तोच धूर, तोच सिलिंडर, आणि त्यावर तिचेच शब्द. हे सगळं एका फोनच्या पडद्यात मावलं होतं आणि माझ्या डोक्यात मावत नव्हतं. ताईने स्टिकरकडे बोट केलं आणि मास्कच्या आत हसली. मग हळूच म्हणाली, ‘भट्टी बंद असेल तेव्हा मनीला वर ने.’ एवढंच. आमचं शेवटचं बोलणं ते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्या वहीत सापडलं. घर आवरताना इस्त्रीच्या टेबलाखालच्या फळीवर वही होती. एका पानावर सरकारला पाठवायच्या अर्जाचा मसुदा आहे. साथीच्या संकटामुळे चिमणीवरची नवी गाळणी बसवायला दोन वर्षांची मुदत मिळावी, असा. त्याच्या समोरच्या पानावर डोंगरांची जाहिरात. दोन्हीवर तारीख एकच, अक्षर एकच. सकाळी एक, दुपारी दुसरं लिहिलं असणार. ती दोन पानं उघडी ठेवून मी बाबांसारखा काटा थांबायची वाट बघत बसलो होतो. दोन्ही पानांवरचं प्रत्येक वजन खरं होतं. संकट खरं, डोंगर खरे.

पण जाहिरातीच्या पानाच्या मागे दुसरी ओळ अकरा वेळा लिहिलेली आहे. दर वेळी थोडी मऊ करून. ‘भट्टी थांबली होती म्हणून.’ ‘काम थांबलं त्या दिवसांत.’ ‘चिमणीच्या विश्रांतीत.’ साहेबांच्या हातून कशी निसटून जाईल ते बघत होती. सगळ्या खोडलेल्या. आणि खाली, वेगळ्या शाईत, तू त्या फोटोखाली जे लिहिलं होतंस ते तिने शब्दन् शब्द उतरवून घेतलं आहे. त्याच्या पुढे दोनच शब्द आहेत. ‘बरोबर आहे.’ ते पान मी तुझ्यासाठी काढून ठेवलं. पाकिटात आहे ते तेच. तू तिला लाज आणलीस असं गेलं वर्षभर मनाशी धरून बसली असशील, तर ते पान शंभरदा वाच. तुझं लिहिणं तिला पटलं होतं.

आता हे पत्र का, ते सांगतो. काल साहेबांनी मला बोलावून फॉर्म हातात दिला आणि म्हणाले की भाचीकडून सही घेऊन द्या, दगड तयार आहे, अक्षरं तेवढी कोरायची आहेत. मी तोंड उघडलं. म्हणालो, वाक्यातला माणूस मी आहे, तो अनुभव माझा होता, आणि त्याला दोन ओळी होत्या. दोन्ही कोरा, नाहीतर एकही नको. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू गच्चीवरचं यंत्र बोलायला लागलं. दुसरी ओळ तिने एकटीने काढली नाही, मने. तिने मला विचारलं होतं, आणि मी डब्यातला घास गिळून ‘तू बघ’ म्हणालो होतो. तिच्या नावावर जे लागलं त्यात माझा वाटा आहे, आणि हे तुला माहीत नसताना तू तिच्यावर रागावत होतीस. आता साहेब तुला फोन करतील, गोड बोलतील, आईची आठवण म्हणतील. सही तुझी आहे, आई तुझी आहे, तेव्हा खरं तर मी नेहमीचंच म्हणायला हवं. पण या वेळी म्हणत नाही. सही करू नकोस. भट्टी बंद होती हे दगडावर येईपर्यंत करू नकोस. पुढच्या महिन्यात भट्टी दुरुस्तीला आठवडाभर थांबणार आहे. आठवड्यात किती डोंगर मोकळे होतात ते मला सांगता येत नाही, पण एक तरी होईल. तू ये. वरपर्यंत माझ्या मागे चढ, हूक मी लावीन. हेल्मेट काढायचं की नाही, एवढं मात्र तू बघ.

तुझाच,
आयुष्यात पहिल्यांदा एवढं बोललेला
मामा